फिजीच्या कबुतराचा घास

मी सांता क्लाराच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो, आणि माझी बायको शुभा म्हणते की पगार नसता तरी मी तेच केलं असतं. तेव्हा २००६ च्या मे महिन्यात आमच्या घरी जे घडलं, ते मी तपासल्याशिवाय सांगत नाहीये.

आमची सिया साडेतीन वर्षांची होती आणि जेवत नव्हती. फेब्रुवारीत ताप येऊन गेला आणि तिने अन्नाशी कट्टीच घेतली. वजन चोवीस पौंड. महिन्याभरात निदान एक पौंड वाढलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. शुभा गाडीत बसून रडली. मी रडलो नाही, पण हायवेवरून घराकडे वळायचा रोजचा एक्झिट चुकलो.

मग नागपूरहून सासूबाई आल्या. पहिल्याच दुपारी त्यांनी वरणभात कालवला, वर तूप सोडलं आणि नातीला मांडीवर घेतलं. "हा घास चिऊचा, हा घास काऊचा." चिऊ, काऊ, मोर, पोपट संपले की सियाचं तोंड बंद. तिला दर घासाला नवा पक्षी हवा. म्हणून मी लायब्ररीतून पक्ष्यांचं पुस्तक आणलं. शेवटच्या पानांत नामशेष झालेले पक्षी होते, आणि त्यांत फिजी बेटावरचं एक प्रचंड कबुतर होतं. बहुधा उडता न येणारं. त्याची फक्त हाडं सापडली होती.

"हा घास या जाड्या कबुतराचा," सासूबाई म्हणाल्या.

"व्हेअर इज इट, आजी?"

"ते आता नाही गं, बाळा. माणसं आली अन् बिचारी सगळी संपली. लई वर्षं झाली."

सियाने जरा विचार केला. "देन इट मस्ट बी सो हंग्री."

सासूबाईंचा जीव कळवळला. खरं तर चिऊचा घास चिऊला कधीच मिळत नाही, तो मुलाच्याच पोटात जातो. सगळा खेळ तेवढाच. पण त्यांनी एक घास वाटीत घालून खरोखरच बाल्कनीत ठेवला. "जेव रे बाप्पा," म्हणाल्या. त्या दुपारी सिया सात घास जेवली. संध्याकाळी वाटी लख्ख होती.

खार असेल, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी वाटी ठेवल्यावर मी अख्ख्या बाल्कनीत, पार कठड्यापर्यंत, तांदळाची पिठी पसरली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. संध्याकाळी पिठीत पाय उमटले होते. पुढे तीन बोटं, मागे एक, माझ्या तळहाताएवढे. ते फक्त वाटीभोवती होते. कठड्याकडून आलेलं पाऊल नव्हतं, परत गेलेलंही नव्हतं.

"अरुणराव, पाहुण्यावर पाळत ठेवता काय?" सासूबाईंनी मला फटकारलं.

मला राहवेना. एखादी गोष्ट काढून बघितल्याशिवाय टेस्ट पुरी होत नाही. मंगळवारी मी वाटी गुपचूप उचलली. सियाने पहिलाच घास थुंकला. बुधवारीही उचलली. ती पाण्याशिवाय काही घेईना, नुसती बाल्कनीच्या काचेकडे बघत बसली.

काचेवर गुडघ्याएवढ्या उंचीला वाफ धरली होती. कोणी नाक लावून उभं राहावं तशी, लहानशी, येणारी आणि जाणारी.

मी बाहेर जाऊन पुसली. पुसली जाईना. वाफ आतून होती.

मला भीती वाटायला हवी होती. पण मला लाज वाटली. दोन दिवस मी दोघांना उपाशी ठेवलं होतं. मी स्वतः भात कालवला, तूप सोडलं आणि वाटी सियाच्या पानाशेजारी जमिनीवर ठेवली. "सॉरी यार," मी रिकाम्या कार्पेटला म्हणालो.

सिया जेवली. वाटीही लख्ख झाली.

त्यानंतर रोज.

महिना संपला तेव्हा तिला वजनासाठी मीच नेलं. नर्सने तिला काट्यावर उभं केलं. छत्तीस.

नर्सने जुना कागद पाहिला. सियाचे बूट काढले, पुन्हा उभं केलं. छत्तीस.

"मशीन बिघडलंय वाटतं," असं काहीसं इंग्रजीत पुटपुटत ती दुसरा काटा आणायला गेली.

सिया खाली उतरली.

आकडा अकरावर थांबला.

काट्यावर काहीच नव्हतं. मी वजाबाकी केली. पंचवीस. माझ्या पोरीला नळी लागणार नव्हती. माझे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी अंगावर काटा आला.

सिया दार उघडून धरून उभी होती. आमच्याशी कधी मराठीत न बोलणारी माझी मुलगी काट्याकडे बघून, अगदी मायेने म्हणाली, "चल, बाळा. घरी जाऊ."

आकडा शून्यावर आला. ती अजून दार धरून होती. मग तिने हलकेच बाजूला सरकून वाट दिली.