पर्यायी मागणी

एस.टी.त शेजारच्या जागेवर मी कागदांची पिशवी ठेवली होती. पारोळ्याला चढलेल्या एका उंच, सावळ्या माणसाने ती उचलली आणि सरळ माझ्या मांडीवर ठेवली.

"पिशवीचं तिकीट काढलंय का?"

"तिच्यात एक अख्खं गाव आहे," मी फणकारले.

"कोणतं?"

"पिंपळदे."

तो हसला. "मग द्या इकडे... माझंच आहे ते."

तो अभिमन, पिंपळद्याच्या शाळेतला मास्तर. मागच्या बाकावर त्याच्या गावचे चुडामण आबा आणि आणखी चौघे बसले होते. मी लता, जळगावच्या हिलालनाना वकिलांकडे सहा महिने उमेदवारी करत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. १९५८ चा एप्रिल होता. पिंपळद्याच्या खालच्या अंगाला नदीवर धरण होणार होतं. त्याची भिंत मैलभर वर सरकवली, तर गाव वाचणार होतं. तेवढंच निवेदन धुळ्याला आलेल्या मंत्र्यांना द्यायचं होतं. नाना आमदारांकरवी भेटीची वेळ मिळवायला आदल्या दिवशीच गेले होते. "उद्या ये," म्हणाले होते, "कायदा कुठे शिजतो ते बघ."

निवेदन मी लिहिलं होतं. नानांनी न वाचताच त्याला हो म्हटलं होतं. गावाने आधीच पाठवलेले तीनशे अंगठ्यांचे कागद मी त्याला जोडले होते.

अभिमनने ते शेवटपर्यंत वाचलं. "अक्षर छान आहे, वकीलबाई."

"अक्षर नका बघू, मजकूर बघा."

"बघतोय... हे काय? 'ते शक्य नसल्यास योग्य मोबदला व पर्यायी जमीन मिळावी.' हे कशाला?"

"कोर्टात असंच लिहितात. एक मागणी फेटाळली, तर दुसरी हाताशी असावी. तुम्ही आपले पाढे शिकवा, मास्तर!"

"बरं, बाई," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असा पाहत राहिला की मी खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर काही नव्हतं. करपलेली शेतं आणि धूळ.

मंत्री उतरलेल्या डाक बंगल्याबाहेर नाना भेटले; तिथे कडुनिंबाखाली आम्ही दहापासून बसलो. मोटारी येत होत्या, लोक उतरून सरळ आत जात होते. "हे गिरणीवाले," नाना हळूच सांगत. "हा ठेकेदार, भिंत हाच बांधणार. निवेदन-बिवेदन काही नाही हं याच्याकडे. चहा पिऊन येईल." तासाभराने तो ठेकेदार खरंच मिशी पुसत बाहेर आला.

दुपारी अभिमनने फडकं सोडून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी माझ्यापुढे धरली.

"ठेचा झेपेल का? केळीच्या मुलखातल्या ना तुम्ही... गोड खाणाऱ्या."

झेपला नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्याने घाईने तांब्या पुढे केला, आमची बोटं एकमेकांना लागली, आणि दोघांपैकी कोणीच हात लवकर काढून घेतला नाही. मला तो आवडला होता. अगदी मनापासून आवडला होता. आबा बघत होते म्हणून मी खाली बघितलं.

तीन वाजता आत बोलावलं. जेमतेम दोन मिनिटं. मंत्र्यांच्या चिटणीसाने निवेदनाचं शेवटचं पान उलटलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि कागद पुढे सरकवला. मंत्र्यांचा चेहरा खुलला.

"वा! समजूतदार गाव आहे. तुमची मागणी मान्य."

त्यांनी सही केली. आबांनी त्यांना हार घातला. फोटो निघाला. चिटणीसाने बोट ठेवलं होतं ते माझ्या पर्यायी मागणीवर. भिंत जागची हलणार नव्हती. पिंपळद्याने मोबदला मागितला होता, तीनशे अंगठे उमटवून, माझ्या सुंदर अक्षरात.

बाहेर नानांनी कागद वाचला आणि ते पायरीवरच बसले. "लता... कोर्टात दुसरी मागणी ठेवतात. इथं ठेवली की तीच देऊन वाटेला लावतात. मी वाचायला हवं होतं गं." ते परत आत गेले. चिटणीस म्हणाला, साहेब विश्रांती घेताहेत.

परतीच्या गाडीत आबा खुशीत होते, सगळ्या गावाला गूळ वाटायला निघाले होते. "आम्हनं काम व्हई गयं! बठ्ठा गावले गूळ वाटसूत!"

अभिमन माझ्याशेजारी बसला होता. त्याला कळलं होतं.

"मी सांगते आबांना," मी म्हटलं.

"नको. मी सांगेन. मीही वाचलं होतं."

"तुम्ही विचारलं होतंत. मी तुम्हाला पाढे शिकवायला सांगितलं."

पारोळ्याला मी त्यांच्याबरोबर उतरले आणि स्टँडवर सगळ्यांसमोर आबांना सांगितलं. गाव बुडणार, आणि ते माझ्या एका ओळीने.

"पण साहेब तं हसी ऱ्हायंता..." आबा एवढंच म्हणाले, आणि बाकीच्यांच्या आधाराने चालू लागले.

कंडक्टर हाका मारत होता. अभिमन थांबला होता.

"दुपारी ठरवलं होतं," तो म्हणाला, "आईला घेऊन जळगावला यायचं. तुमच्या घरी... मागणी घालायला. जात आडवी आली असती, तर भांडलो असतो."

"आणि आता?"

"आता गावातल्या एकेका घरी जाऊन सांगायचंय. त्या घरांमधून तुम्हाला सून म्हणून कसं न्यायचं, लता?"

त्याने पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली होती.

"मी आले असते," मी म्हटलं. "विचारलं असतं ना, तर आले असते."

त्याने मान हलवली, आणि तो आबांच्या मागे गेला.