एकाच नावाची दोन

थोरल्याचं काम तसं रुक्षच. कंपनी लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर बनवायची आणि ते रोज सकाळी नव्यानं जुळवून, बांधून देणारी बिल्डची यंत्रणा त्याच्या ताब्यात होती. सॉफ्टवेअरमधलं सगळंच काही कुणी घरी लिहीत नाही. बाहेरच्यांनी लिहिलेल्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार तुकडे, आणावे लागतात. असे दोनशे चौदा तुकडे त्याच्या यादीत होते. कुठला तुकडा, कितवं व्हर्जन, कुठून आणायचा, सगळं तोंडपाठ. बारा वर्षं तो ही यादी निगुतीनं सांभाळत होता आणि बारा वर्षांत कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

यादीत सत्त्याऐंशीव्या ओळीवर त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाची लायब्ररी होती.

धाकट्यानं ती कॉलेजात असताना गंमत म्हणून लिहिलेली. तारखा आणि वेळा अचूक मोजायची, बस. पण बघता बघता ती जगभर गेली. नव्या माणसाशी ओळख करून देताना साहेब थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "हा त्याचा भाऊ बरं का!" आईचा फोन आला की आधी धाकट्याचं कौतुक, मग उरलेल्या वेळात थोरल्याच्या गुडघ्याची चौकशी. तो "हो, हो" म्हणायचा आणि फोन ठेवला की अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यात रोज सकाळी बिल्ड सुरू झालं की पडद्यावरून भावाचं नाव सरकत जायचं. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायचंच, तर निदान ती ओंजळ परक्याची तरी असावी!

शेवटी त्यानं मनावर घेतलं. तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्यानं तस्सं काम करणारी आपली लायब्ररी लिहिली. भावाच्यापेक्षा काकणभर सरसच. मग ती कंपनीच्या सर्व्हरवर ठेवली आणि नाव मात्र भावाच्या लायब्ररीचंच दिलं. यंत्रणेचा नियम सरळ होता. एकाच नावाची दोन सापडली, तर एकच ठेवायचं. ज्याचं व्हर्जन मोठं, ते. थोरल्यानं आपल्या व्हर्जनला नव्याण्णव आकडा दिला.

बिल्ड बिनबोभाट पार पडलं. कुणाला पत्ताही लागला नाही. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

मंगळवारी त्याला दिसलं की फाइलीत लेखक म्हणून त्यानं लिहिलेलं स्वतःचं नाव तिथे नव्हतं. भावाचं होतं. घाईत चुकलं असेल, म्हणून त्यानं दुरुस्त केलं. दुपारी पुन्हा भावाचंच. सर्व्हरच्या नोंदीत दुसऱ्या कुणी हात लावल्याची खूण नव्हती.

बुधवारी साहेब जिन्यात भेटले. ते चक्क थांबले आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

"तुम्ही? आमच्याकडे? भावानं काही सांगितलं नाही हो!"

थोरला हसला. थट्टा असेल.

गुरुवारी आईचा फोन आला. ती बराच वेळ त्याचंच कौतुक करत होती. इतकं की त्याचे कान गरम झाले. मग आवाज उतरवून म्हणाली, "थोरल्याकडे लक्ष असू दे रे. मनातल्या मनात कुढतो तो."

"आई, अगं मीच..." एवढं बोलून तो थांबला. लाज वाटण्याआधी त्याला गोड वाटलं होतं.

शुक्रवारी मात्र त्यानं सगळं काढून टाकलं. आपली लायब्ररी पुसली, भावाची जुनी ओळ परत घातली, बिल्ड चालवलं. दोनशे तेरा तुकडे आले. सत्त्याऐंशीव्या ओळीपुढे उत्तर होतं: असं काही कुठेही नाही.

त्यानं भावाला फोन लावला. व्यस्त. पुन्हा व्यस्त. आपणच आपला नंबर लावल्यावर येतो, तसा तो सूर होता.

चार वाजता तो घरी निघाला. घाईत घराची किल्ली टेबलावरच राहिली.

दार बायकोनं उघडलं. पदराला हात पुसत ती पाहुण्यांसाठी हसतात तशी हसली.

"अगंबाई, भावजी! या ना. फोन तरी करायचा."

तिनं त्याला खुर्ची दिली, पाणी आणलं, आणि दाराकडे बघत हळूच म्हणाली, "हे येतीलच इतक्यात. तुम्ही आलात की जरा घुम्यासारखे बसतात, मनावर घेऊ नका."

जिन्यात पावलं वाजली. दाराशी येऊन थांबली.

मग पायपुसण्यावर बूट घासल्याचा आवाज आला. एकदा. दोनदा. तीनदा.

थोरला स्वतः नेहमी तीनदाच घासायचा.