पांढरी माती

अंबरीशने मोटारीचा हेडलाइट प्रेमलाच्या केकच्या ओव्हनमध्ये ठेवला, तेव्हा मी शेजारच्या खोलीत वाचत बसलो होतो. गरम रबराचा वास आला म्हणून स्वयंपाकघरात गेलो.

"लोकांची लेकरं ओव्हनमध्ये पाव भाजतात. माझं मोटार भाजून राहिलं," प्रेमला म्हणाली.

"आई, आतला गम मऊ होईस्तोवरच. नांदेडला सगळे असंच करतात."

"मग नांदेडचाच ओव्हन आणायचा होता."

मुग्धा, आमची सून, दारात उभी राहून हसत होती. तिला सातवा लागला होता. चार-सहा दिवसांत अंबरीश तिला बाळंतपणासाठी देगलूरला, तिच्या मावशीकडे पोचवणार होता. आईबाप नसलेल्या मुग्धाचं माहेर तेवढंच. गाडी आमचीच न्यायची, पण तिचे दिवे म्हातारे झालेले. म्हणून अंबरीशने नांदेडहून एलईडीच्या पट्ट्या आणल्या होत्या. दिव्याची पुढची काच रिफ्लेक्टरला काळ्या गमने चिकटवलेली असते. दिवा तापवून ती सोडवायची, आत पट्टी बसवायची आणि पुन्हा बंद करायची. हे जमलं तर क्लासच्या ऑफिसातली नोकरी सोडून लातुरातच दिव्यांचं दुकान टाकायचं त्याच्या मनात होतं.

माझा स्वतःवर फारसा भरवसा नाही. मी कॉलेजात फिजिक्स शिकवलं ते बहुतेक फळ्याकडे तोंड करून. आमची गल्ली कोचिंगच्या होस्टेलांनी भरून गेली तेव्हा एका क्लासवाल्याने मला बोलावलंही होतं. मी त्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. माणसांबद्दलचे माझे अंदाज चुकतात. उजेडाबद्दलचे चुकत नाहीत. पुढचं सगळं उजेडाबद्दल आहे, म्हणून ते मी खात्रीने सांगू शकतो.

ओव्हनमधून काढलेला दिवा अंबरीशने कानाशी हलवला.

"बाबा, यात काहीतरी आहे."

मीही ऐकलं. सुपातून बारीक रवा घसरावा तसा आवाज. अंबरीशने स्क्रूड्रायव्हरने कडेकडेने काच उचलली. गम अखंड होता, कारखान्यात लावला तसाच. काच निघाली आणि ओट्यावर मूठभर माती सांडली. पांढरी, मऊ, कोरडी. रिफ्लेक्टर मात्र लख्ख होता. त्यावर एक ओरखडा नाही, धुळीचा थर नाही.

"बल्बच्या भोकातून गेली असेल," अंबरीश म्हणाला.

बल्बच्या भोकातून धूळ जाते हे मला मान्य आहे. पण आमच्या रस्त्यांची धूळ काळपट असते. शेताशिवाराची माती काळी. पांढरी माती फक्त माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात त्या गावठाणात सापडते. पूर्वी घरांच्या माळवदावर तिचाच जाड थर घालत. लाकडी पाटणावर मातीचं ते छप्पर उन्हाळ्यात गार राही, आणि एखादी फट पडली की त्यातून आत भुरुभुरू माती गळे.

दुसऱ्या दिव्यातही तेवढीच निघाली. भिंगाखाली पाहावी म्हणून मी ती स्टीलच्या वाटीत भरून खिडकीत ठेवली. पण भिंगाची मला गरज नव्हती. ही माती मी ओळखत होतो.

त्र्याण्णव साली, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला. कॉलेजातल्या आम्हा काही जणांनी चादरी आणि बिस्किटं घेऊन किल्लारीच्या बाजूचं एक गाव गाठलं. गाडी माझी होती, हीच, तेव्हा नवी. गावात वीज नव्हती. संध्याकाळी लोक हातांनी दगड उपसत होते आणि मी एका पडलेल्या घराकडे गाडीचं तोंड करून उभा होतो. दिवे चालू ठेवायचे आणि बॅटरी उतरू नये म्हणून इंजिनही, एवढंच माझं काम. त्या उजेडात आधी एक पाठ दिसली. बाई गुडघ्यांवर वाकलेली होती. भिंत आणि माळवद दोन्ही तिने पाठीवर घेतलं होतं. तिच्याखाली काही महिन्यांची पोर होती. पोरीचं तोंड पांढऱ्या मातीने भरलेलं. कुणीतरी बोटाने माती काढली आणि ती रडली.

बाईचं नाव उज्वला. ती पोर म्हणजे मुग्धा. देगलूरहून धावत आलेल्या कमलम्मा मावशीला आणि पोरीला याच गाडीतून मी पोचवलं. ती ओळख टिकली, आणि पुढे त्यातूनच अंबरीशचं लग्न जुळलं. मुग्धाला हे सगळं ठाऊक आहे, पण ऐकीव.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी रिकामी होती. धुतल्यासारखी, बोट फिरवून पुसलेली.

"मुग्धा, इथली माती टाकलीस का?"

तिने मान खाली घातली. ओठांच्या कोपऱ्यात पांढरं होतं.

"बाबा, रागावू नका. लई वास येत होता. पाऊस पडून गेल्यासारखा. राहवलंच नाही."

प्रेमलाला त्यात काही वावगं वाटलं नाही. "डोहाळ्यात बायका मातीच खातात. मी याच्या वेळी पाटीवरची पेन्सिल खाल्ली होती. म्हणून तर याचं अक्षर असलं," ती म्हणाली.

"गाडीच्या दिव्यातली माती खाल्लीस ना," अंबरीश मुग्धाला म्हणाला, "पोरगं हॉर्न वाजवत येईल बघ."

मुग्धा हसली नाही. "चव ओळखीची होती," ती म्हणाली.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी जंताचं औषध आणि लोहाच्या गोळ्या सांगितल्या. ते योग्यच होतं.

दिवेलागणीला अंबरीशने दिवे बसवून गाडी फाटकाबाहेर उभी केली. समोर होस्टेलची नवी भिंत होती. गुळगुळीत प्लास्टर, वर क्लासची जाहिरात रंगवायची अजून बाकी. त्याने बटण दाबलं. शुभ्र उजेडाचे दोन गोल भिंतीवर पडले.

गोलांच्या आत भिंत गुळगुळीत नव्हती. दगडावर दगड रचलेला दिसत होता, मध्ये मातीचे सांधे, आणि एका बाजूला पणती ठेवायची छोटी देवळी. मी पुढे जाऊन हात लावला. हाताला प्लास्टरच लागलं.

"फोकस फाटला वाटतं," अंबरीश म्हणाला.

रिफ्लेक्टरचं काम एकच. बल्बचा विखुरलेला उजेड गोळा करायचा आणि समोर पाठवायचा. तो काही साठवत नाही. वर्गात हे वाक्य मी दरवर्षी सांगत असे. मी काचा पुसल्या, बल्ब काढून पुन्हा बसवले. देवळी गेली नाही.

"बघू, कसे दिसतात," म्हणत मुग्धा गाडीसमोर येऊन उभी राहिली. तोंड दिव्यांकडे, पाठ भिंतीकडे.

तिच्या दोन सावल्या पडल्या. दिवे दोन, सावल्या दोन. बरोबर होतं.

मग तिसरी दिसली.

तिसरी सावली पडायला तिसरा दिवा लागतो, नाहीतर दुसरं माणूस.

मुग्धा ताठ उभी होती. तिसरी सावली वाकलेली होती. गुडघ्यांवर, पाठ वर करून.

ती हळूहळू मुग्धाच्या सावल्यांवर झुकत गेली. शेवटी भिंतीवर फक्त ती पाठ उरली.

मुग्धा दिव्यांकडे टक लावून पाहत होती. तिची पापणी लवत नव्हती.

"बंद कर," मी म्हणालो.

अंबरीशने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला असं कधी सांगितलं नव्हतं. त्याने दिवे बंद केले आणि मी किल्ली काढून घेतली.

"ही गाडी देगलूरला जाणार नाही."

"बाबा, दोन दिवस खपलोय मी त्याच्यावर."

"तू दुकान टाक. मी पेन्शनीतून मदत करीन. पण मुग्धा या गाडीत बसणार नाही."

त्याने वाद घातला. प्रेमलाने घातला नाही. माझा आवाज चढलेला तिने प्रथमच ऐकला होता. दुसऱ्या दिवशी मी स्वतः दोन्ही दिवे काढले, बॅटरी काढली आणि गाडीवर ताडपत्री बांधली. शेजारच्या व्यंकटरावांची मोटार भाड्याने ठरवली आणि भर उन्हात दोघांना रवाना केलं. देगलूरला कमलम्मांचं घर सिमेंटचं आहे, दोन मजली, भूकंपानंतर बांधलेलं. भिंतीत लोखंड, वर स्लॅब. सरकारी दवाखाना जवळ. जे करायला हवं होतं ते मी केलं होतं, आणि वेळेवर केलं होतं. पुढचे तीन महिने मला शांत झोप लागली.

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी. प्रेमला आणि अंबरीश लगेच देगलूरला गेले, बारसं ठरवायला. मी घरी एकटा होतो.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी अंबरीशचा फोन आला.

"बाबा, मुग्धाला जरा समजावता का? तुमचं ऐकते ती."

"काय झालं?"

"सकाळपासून बाळावर वाकून बसलीय. गुडघ्यांवर. कुणाला हात लावू देत नाही. आई झाली, मावशी झाली."

मागे कमलम्मांचा आवाज येत होता. "उठ गं बाई, पाठ मोडंल तुझी."

"बाळ बरं आहे?"

"बरं आहे. झोपलंय तिच्याखाली." तो थांबला. "म्हणते, वरून माती गळून राहिली. बाबा, इथं तर स्लॅब आहे."

"तिला फोन दे."

फोन तिच्याजवळ नेल्याचं कळलं. आधी तिचा श्वास ऐकू आला, ओझं उचलल्यासारखा. मग तो आवाज. सुपातून बारीक रवा घसरावा तसा, न थांबता.

"मुग्धा," मी म्हणालो, "तिथं माती नाही. ते घर पक्कं आहे. मी सांगतो ना."

"इथं न्हाई, बाबा," ती हळूच म्हणाली. "तुमच्या तिथं."

फोन कट झाला. मी तो टेबलावर ठेवला.

आवाज चालूच होता.