दोन काट्यांचं घड्याळ

"दादा, मी तुला विचारतोय! येणार आहेस की नाही?"

दारात उभ्या असलेल्या धाकट्याने तिसऱ्यांदा विचारलं आणि तिसऱ्यांदाही दादाची पाठ तशीच राहिली. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तो चपलेचा तुटलेला पट्टा शिवत होता, दोरा दातांनी तोडत होता, पुन्हा ओवत होता... जणू सख्खा भाऊ इतक्या वर्षांनी उंबऱ्यात येऊन उभा राहणं ही रोजचीच गोष्ट! धाकट्याचा चेहरा लालबुंद झाला. तो आल्या पावली परतणार, इतक्यात आतून वहिनी लगबगीने आली आणि तिने जमिनीच्या लाकडी फळ्यांवर टाच दोनदा आपटली.

फळ्या थरथरल्या. ती थरथर दादाच्या तळव्यांना कळली आणि त्याने मान वळवली.

"अरे... छोट्या! तू?" हातातली चप्पल खाली पडली. "कधी आलास? ये ना आत!"

"केव्हाचा घसा फोडतोय. पण तुला हाका ऐकायची सवय नाही, हे मी विसरलोच होतो."

घाव वर्मी बसला. कानांनी नाही, डोळ्यांनी बसला, एवढंच.

कारण दादाला ऐकू येत नव्हतं. अगदी काहीसुद्धा नाही. समोरच्याचे ओठ वाचून तो जगाचा व्यवहार सांभाळत होता, आणि ही गोष्ट आता फक्त एकाच माणसाला ठाऊक होती. ते माणूस या क्षणी टाच दुखत असतानाही हसरा चेहरा करून त्याच्या शेजारी उभं होतं.

पण हे कान मुळात असे नव्हते हो! वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. एकदा तिथे एक घड्याळ आलं. स्विस, सोन्याचं, नाण्यासारखं पातळ, हस्तिदंती रंगाची तबकडी, आणि काटे फक्त दोनच. सेकंदकाटा नाहीच! "बड्या लोकांनी बैठकीत मिरवायचं घड्याळ हे," वडील म्हणाले होते. "त्याला घाई दाखवायची नसते. म्हणून ते चालतंय की थांबलंय, हे डोळ्यांना कळत नाही. कानाला विचारावं लागतं." मग त्यांनी दोन्ही मुलांचे तळवे पुढे घेतले आणि बोटाने ठोके वाजवून दाखवले. सारखे पडले तर घड्याळ निरोगी. एक लांब, एक आखूड असे पडले, तर लंगडं. धाकट्याला त्यातलं काही साधलं नाही, तो नुसता त्या सोन्याकडे बघत राहिला. थोरल्याला मात्र पहिल्याच दिवशी साधलं. "याला घड्याळाचा कान आहे!" म्हणून वडील गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत सुटले होते.

वडील गेले, दुकान मोडलं. धाकट्याची बुद्धी कुशाग्र, त्याला शिकवायचं तर घड्याळांच्या चिल्लर कामांवर भागणार नव्हतं. थोरल्याने तो लाखमोलाचा कान उचलला आणि पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या कारखान्यात नेला. दिवसपाळी संपली की रात्रपाळी... दोन्ही पाळ्यांत यंत्रांचे घणाघाती आघात! आधी पाखरं गेली, मग कुजबुज गेली, मग घड्याळं गेली आणि शेवटी माणसं गेली.

संशय आला होता तो आईला. "सोड तो कारखाना!" म्हणून ती थोरल्याशी कडाकडा भांडली. धाकट्याची शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. त्याला कळलं तर तो पुस्तकं फेकून कामाला लागेल, या भीतीने थोरल्याने आईला शपथ घातली. धाकट्याने ते भांडण भिंतीपलीकडून अर्धंमुर्धं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या छातीत कळ उठली. ती आतल्या खोलीतून थोरल्याला हाका मारत राहिली... आणि थोरला नळाखाली बादली लावून, पाठ करून उभा राहिला! धाकटा बाहेरून धावत आला, तेव्हा त्या माउलीच्या ओठांवर शेवटची हाक तेवढी उरली होती.

"मरेपर्यंत तुला बोलावत होती ती! आणि तू कालचा राग धरून बसलास!" धाकट्याने तेव्हा आक्रोश केला होता. दादाने शब्दन् शब्द त्याच्या ओठांवर वाचला आणि गप्प राहिला. त्या दिवसापासून दोन भावांची तोंडं दोन दिशांना झाली.

आणि आज तोच धाकटा उंबऱ्यात होता.

"मी एक घड्याळ घेतोय," तो म्हणाला. "बाबांच्या दुकानात आलं होतं ना, तसंच. दोन काट्यांचं. तेव्हापासून मनात होतं, आता ऐपत झालीय. पण जुन्या मालात फसवाफसवी फार. वरून सोनं आणि आत कबाड. बाबा असते तर त्यांनाच नेलं असतं." त्याने नजर चुकवली, पण सुदैवाने ओठ चुकवले नाहीत. "तुझा कान त्यांच्यासारखा आहे. आजच्या दिवस चल. नंतर तू तुझ्या वाटेने, मी माझ्या."

"भाऊजी, यांना आज जरा बरं नाही..." वहिनीने घाईघाईने मध्ये तोंड घातलं.

"मी येतो," दादा म्हणाला.

"मग मीपण येते."

"नको वहिनी. आम्हा दोघांनाच जाऊ द्या."

सदरा बदलायला दादा आत गेला, तशी वहिनी त्याच्यामागे आली. आवाज न काढता, नुसते ओठ हलवत ती बोलू लागली. या घरातली निम्मी भांडणं अशीच व्हायची, शेजाऱ्यांना त्याचा पत्ता नसे.

"अहो, तिथे पितळ उघडं पडेल! इतकी वर्षं झाकली मूठ ठेवलीत..."

"त्याने माझ्याकडे काहीतरी मागितलंय गं. आई गेल्यापासून पहिल्यांदा!"

"कान मागितलेत त्याने! नेमकं जे नाही तेच!"

दादाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "डोळे आहेत. बोटं आहेत. निभावून नेईन."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तिने त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

दुकान जुन्या घड्याळांचंच होतं. चारही भिंती खालपासून वरपर्यंत घड्याळांनी भरलेल्या. लंबक हलताहेत, पितळी पाती चमकताहेत, आणि गल्ल्यामागे एक मोठा आरसा. दादाने आत पाऊल टाकलं आणि त्याचा जीव टांगणीला लागला. दुकानदाराच्या मिशा! माणसाने मिशा राखाव्यात, पण ओठांवर पांघरूण घातल्यासारख्या? त्या मिशांखालून काय बोललं जातंय, याचा काही म्हणता काही पत्ता लागेना.

मिशा हलल्या. दादा हसला. मिशा पुन्हा हलल्या.

"अरे, ते तुला विचारताहेत, मागचं झाकण उघडू का!" धाकटा वैतागून म्हणाला. "लक्ष कुठे आहे तुझं?"

"उघडा की," दादा म्हणाला.

पण ते घड्याळ मखमलीवर आलं आणि क्षणभर तो सगळं विसरला. तेच! तसंच पातळ, तसंच शांत, दुधावरच्या सायीच्या रंगाचं. दादाने भिंग डोळ्याला लावलं. तबकडी पुन्हा रंगवलेली नव्हती, अक्षरांच्या कडा जिथल्या तिथे होत्या. सोन्याच्या कडाही घासून बोथट केलेल्या नव्हत्या. त्याने चावी दिली. बोटांना स्प्रिंगचा ताण कळत होता. दुकानदार मान डोलावत होता, धाकट्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून विरत होत्या. 'निभावलं... देवा, निभावलं!' दादा मनात म्हणत होता.

"आता कानाला लाव," धाकटा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर लहानपणीचं काहीतरी उमटलं होतं. "बाबा लावायचे तसं."

दादाने वडिलांसारखंच एक बोट वर केलं. "जरा शांत हं. कोणी बोलू नका."

त्याने घड्याळ कानाशी धरलं आणि डोळे मिटले. आत नेहमीचाच अथांग, निःशब्द काळोख होता. त्या काळोखात त्याला वडिलांचं बोट आपल्या तळव्यावर जाणवलं, नळाखाली भरून वाहणारी बादली दिसली... किती वेळ ऐकल्याचं सोंग करावं, याचा अंदाज घेऊन तो हलक्या, तृप्त स्वरात म्हणाला, "वा! काय चाललंय! एकेक ठोका कसा स्वच्छ, सारखा..."

त्याने डोळे उघडले.

दुकानदाराने दोन्ही हात कानांवर ठेवले होते आणि त्याचे खांदे हसून हसून हलत होते. धाकटा मात्र हसत नव्हता. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. दादाने भिंतीकडे पाहिलं... आणि त्याच्या पायांखालची जमीन सरकली! प्रत्येक घड्याळाचे दोन्ही काटे बारावर एक झाले होते. छोट्या छोट्या हातोड्या घंटांवर तुटून पडत होत्या, एका घड्याळातला लाकडी पक्षी दार उघडून पुन्हा पुन्हा पुढे झेपावत होता. चारही भिंती आरडाओरडा करत होत्या! त्या गदारोळात माणसाला स्वतःचा आवाज ऐकू आला नसता, आणि दादा त्यात मनगटी घड्याळाचे ठोके ऐकत होता!

हातोड्या थांबल्या. धाकटा हळूहळू दादाला वळसा घालून त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला.

समोर आरसा होता. आरशात धाकट्याचे ओठ हलले.

"दादा."

वळलं की झालं! आरशात बघून वळायचं, 'काय रे?' म्हणायचं, दुकान गोंगाटाचं होतं म्हणून हसून न्यायचं... आयुष्यभर त्याने दुसरं केलं काय होतं? मूठ अजून झाकता आली असती.

"दादा!" आरशातले ओठ पुन्हा हलले, आता थरथरत. आईचे ओठही असेच हलले असतील. त्या दिवशी समोर आरसा नव्हता...

दादा वळला नाही. त्याला वळवेना. तो आरशातल्या त्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून अश्रू ओघळू लागले.

धाकटा धावत पुढे आला. त्याने दादाचे दोन्ही दंड घट्ट पकडले. "कधीपासून? सांग मला, कधीपासून! आई... आई हाका मारत होती तेव्हा..."

"ऐकू आलं असतं, तर बादली टाकून धावलो नसतो का रे मी?"

धाकट्याच्या तोंडून हुंदका फुटला; दादाला तो त्याच्या हातांतून कळला. "मी तुला काय काय बोललो! आणि तू... तू एका शब्दाने सांगितलं नाहीस!"

"तुझी परीक्षा होती. पुस्तकं टाकून तू माझ्या शेजारच्या यंत्रावर येऊन बसला असतास. एका घरातून किती कान द्यायचे?"

"आणि नंतर? नंतर का नाही सांगितलंस?"

याचं उत्तर दादाने वहिनीलाही कधी दिलं नव्हतं. "नंतर तू माझ्यावर रागावून का होईना, ताठ उभा राहिलास. खरं कळलं असतं, तर उपकाराच्या ओझ्याखाली जन्मभर वाकून चालला असतास. मला वाकलेला भाऊ नको होता रे... त्यापेक्षा रागावलेला परवडला."

धाकट्याने वाकून दादाच्या पायांवर डोकं टेकलं. "आज वाकू दे! आजच्या दिवस तरी वाकू दे, दादा!" हे दादाला दिसलं नाही, ऐकूही आलं नाही, पण पायांवर पडलेले कढत थेंब त्याला कळले. त्याने भावाला उठवून छातीशी धरलं. मघाचा हसरा दुकानदार मिशांवर ओघळलेलं पाणी पुसायला रुमाल शोधत होता.

बऱ्याच वेळाने धाकट्याने डोळे पुसले, मखमलीवरचं घड्याळ उचललं आणि स्वतःच्या कानाशी धरलं. मग काय मनात आलं कोण जाणे, त्याने दादाचा हात ओढून घेतला, तळवा उघडला आणि बोटाने त्यावर टकटक करू लागला.

दादाने तळवा त्याच्यापुढे सपाट धरला. "घाई नको. जसं ऐकू येतंय, तसंच दे."

धाकट्याने डोळे मिटले. कपाळावर आठ्या घालून, लहानपणी कधी न साधलेली ती विद्या तो जीव ओतून करू लागला. लांब... आखूड. लांब... आखूड. कारखान्याने कडक करून टाकलेल्या त्या तळव्यावर वर्षानुवर्षं मुका राहिलेला आवाज थेंबाथेंबाने उतरू लागला. दादाचं सारं अंतःकरण त्या तळव्यात गोळा झालं.

"छोट्या!" तो एकदम म्हणाला. "हे लंगडतंय रे! मघाशी मी चक्क खोटं बोललो!"

दुकानदाराच्या मिशा खाली आल्या.

"मग सोडून देऊ?" धाकट्याने त्याच्यासमोर चेहरा आणून, एकेक शब्द सावकाश उच्चारत विचारलं.

"घे. सोनं खरं आहे, तबकडी खरी आहे. लंगडेपणा काढता येतो. माझी बोटं अजून शाबूत आहेत... कोणीतरी ऐकून सांगणारा मात्र हवा."

"मी सांगेन," धाकटा म्हणाला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दादा खिडकीपाशी बसला होता. ट्रंकेच्या तळाशी पडलेली वडिलांची हत्यारं त्याने पुसून ओळीने मांडली होती आणि तो भिंगाची काच घासत होता. दाराकडे त्याची पाठ होती. वहिनी समोरच बसून भाजी निवडत होती.

पायांखालच्या फळ्या दोनदा थरथरल्या.

दादाने वहिनीकडे पाहिलं. तिचे पाय तर मांडीखाली दुमडलेले होते! तिने काही सांगितलं नाही, नुसती भरल्या डोळ्यांनी दाराकडे मान केली... आणि दादा वळला.