शेपटीचा हॉर्न

बसा हो. लाइट आता तासभर तरी येत नाय, आणि मेणबत्तीच्या उजेडात तुमचा प्लग साफ करायला माझे डोळे काय मांजराचे नायत. तुमी मघाशी मला विचारलंत, "सतीशभाऊ, त्या डोंगरातल्या मोटरसायकलच्या फेऱ्या का बंद केल्यात?" सगळेच विचारतात. सगळ्यांना मी सांगतो, कंबर गेली. कंबरेला काय धाड भरलीय! आज महेंद्र आईला घेऊन वाशिंदला डॉक्टरकडं गेलाय. तो यायच्या आत सांगून टाकतो, फक्त मधी बोलू नका.

दोन हजार तीन सालची गोष्ट. मी आणि माझा धाकटा भाऊ महेंद्र, आसनगावच्या ह्याच गॅरेजातून मुंबईच्या पावण्यांना चार-चार दिवस डोंगर फिरवून आणायचो. शहापूर, डोळखांब, आजोबा डोंगराच्या पायथ्याचं रान, मग कच्च्या वाटांनी मुरबाडच्या अंगाला उतरून टोकावडे, शेवटी माळशेज. रात्री कुठल्यातरी पाड्यावर मुक्काम. चिखलात पडायला माणसं सुट्टी काढून येतात, ह्याचं आमच्या आईला, येसूबाईला, लई हसू यायचं.

पुढं मी असायचो. माझ्या मागं सीटवर भगीरथ, वरच्या पाड्यावरचा, वाट सगळी त्याच्या पायाखालची. मधी पावणे आपापल्या गाड्यांवर. आणि सगळ्यात मागं महेंद्र. त्याला आमी शेपूट म्हणायचो. कोणाची गाडी बंद पडली, कोण घसरला, तर शेपटीनं उचलायचा. शेपटीच्या मागं कोणी राहायचं नाय. महेंद्रला ते काम आवडायचं. तसा डोक्यानं तिरसट, आईशी रोज भांडण, आणि घेतली की तर विचारूच नका. लहानपणी झाडावरून पडून उजवी नडगी मोडली होती, आत स्टीलची पट्टी घातलेली, त्यानं जरा लंगडायचा. पण गाडीवर बसला की राजा.

धुक्यासाठी आमचा एक नियम होता. पुढच्यानं हॉर्न एकदा वाजवायचा, शेपटीनं दोनदा उत्तर द्यायचं. आणि कोणी चुकलाच तर त्यानं जागा सोडायची नाय, थांबून एकदा वाजवायचा. ऐकणाऱ्यानं दोनदा. हॉर्न ऐकून जो उत्तर देणार नाय त्याच्या सात पिढ्या मी काढायचो.

भगीरथला हे पटत नव्हतं. त्यांच्या पाड्यावरचा नियम बरोबर उलटा. धुक्यात, रानात, एकटी हाक आली तर ओ द्यायचा नाय. "माणूस हाय तर पुना पुना हाका मारल," तो म्हणायचा. "ते एकदाच मारतं. मंग वाट बघत बसतं." मी हसायचो. आमच्या घरात आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून भुतंखेतं, अंगारे-धुपारे, सगळं बंद. मी त्याला म्हणायचो, भगीरथ, तुझ्या भुताकडं हॉर्न कुठला रे? बॅटरी कोण चार्ज करून देतो त्याला? मग तोही हसायचा, पण अर्धंच.

भादव्यातली फेरी होती. तिसऱ्या दिवशी भरदुपारी खिंडीच्या चढणीला लागलो. पाऊस नव्हता, नुसतं धुकं उतरलं. बघता बघता माझं स्वतःचं पुढचं चाक दिसंना. हेडलाइट लावले तर समोर पांढरी भिंत. ओल्या कारवीचा उग्र वास नाकात बसलेला. एका अंगाला दरी, ती दिसत नव्हती, तिचा गारवा तेवढा गालाला लागत होता. आणि आवाजाचं तर काय सांगू, आपल्याच इंजिनाची धडधड दुसऱ्या कोणाची वाटावी. मी वळणावळणाला एकदा वाजवत होतो आणि मागून महेंद्रचं दोनदा येत होतं. त्याचा हॉर्न मी झोपेतही ओळखीन. पाणी जाऊन घोगरा झाला होता. बदल रे, बदल रे, म्हणून मी कंटाळलो होतो.

वर भगीरथच्या ओळखीचा नवसू राहायचा, त्याच्या पाड्यावर पोचलो. तिथं माणूस माणसाला दिसत होता. एकेक गाडी धुक्यातून आली, पावणे सगळे आले. महेंद्र नाय आला.

शेवटच्या पावण्याला विचारलं, तुमच्या मागंच होता ना?

"त्याचा लाइट चढणीच्या खालीच दिसेनासा झाला," तो म्हणाला. "पण हॉर्न येत होता बराबर... म्हणून मी थांबलो नाही."

मी म्हटलं, पंक्चर असंल. पावण्यांना नवसूच्या घरात बसवलं आणि मी नि भगीरथ परत खाली उतरलो. तळापर्यंत गेलो, परत वर, परत खाली. चिखलात सगळ्या गाड्यांचे चर एकात एक मिसळलेले, त्यातला महेंद्रचा कुठला ते कळंना. घसा फुटंस्तोवर हाका मारल्या. धुकं आवाज गिळून टाकत होतं. मोबाइलला त्या रानात रेंज कुठली? आणि माझ्या डोळ्यांपुढं एकसारखी आई. रोज भांडायची त्याच्याशी, पण तो जेवल्याशिवाय स्वतःचं ताट घ्यायची नाय. बाप गेल्यावर त्याला मी खांद्यावर वाढवला होता. आता तिच्यापुढं जाऊन काय सांगू, तुझा ल्योक धुक्यात विसरून आलो?

गाडी बंद करून उभा होतो. तेवढ्यात हॉर्न वाजला. एकदा. घोगरा. खालून, दरीच्या पोटातून.

माझा अंगठा बटनावर गेला, तर भगीरथनं मनगट धरलं.

"नको, सतीशभाऊ..."

"सोड. महेंद्रचा हॉर्न हाय."

"हॉर्न त्याचाच हाय... वाजवतोय कोण ते बघू. परत वाजू दे. माणूस असंल तर परत वाजवल."

थांबलो. पानांवरून पाणी टपकत होतं, तेवढाच आवाज. परत वाजला नाय.

"बॅटरी संपली असंल," मी म्हटलं. "हात मोडला असंल रे त्याचा..."

"मंग खाली उतरू. पण उत्तर नको."

उतरायला बघितलं. चार पावलांवर कडा तुटलेला. भगीरथसारखा भगीरथ, माकडासारखा चढणारा, तोही घसरला आणि कारवीला लोंबकळला. त्याच्या पायानं सुटलेला दगड गेला तो गेलाच, खाली पडल्याचा आवाज किती वेळानं आला! दोराशिवाय उतरणं म्हणजे दोघांनी मरणं. कसेबसे रस्त्यावर परत आलो, आणि परत वाजला. एकदाच. मग सगळं गप्प.

"मलाबी भाऊ हाय, सतीशभाऊ," भगीरथ रडवेला झाला. "मी खोटं नाय सांगत... नका देऊ ओ."

मी रडत होतो, सांगायला लाज कसली? मला एकच दिसत होतं. जागा सोडायची नाय, एकदा वाजवायचा, हे त्याला मीच शिकवलं होतं. पोरगं खाली माझा नियम पाळत बसलंय, आणि मी वर दगडासारखा मुका. भगीरथला मी ढकलून दिला आणि हॉर्न दाबला. दोनदा. आज परत ती वेळ आली तर आजही दाबीन, तुमीही दाबाल.

पानांचं टपटपणं थांबलं. खरंच थांबलं, मी कान दिला होता. मग इंजिनाचा आवाज आला. दरीतून नाय हां. रस्त्यानं, खालच्या वळणावरून. पिवळा लाइट धुक्यात वर वर येत गेला आणि माझ्यापुढं येऊन थांबला. महेंद्र!

मी त्याला मिठी मारली, मग एक कानाखाली दिली, मग परत मिठी मारली. अंग गार पडलं होतं त्याचं. पण त्या धुक्यात माझं तरी कुठं गरम होतं?

"कुठं मेला होतास रे?"

तो हसला. "तू बोलावलंस ना दादा, आलो."

भगीरथनं त्याच्याकडं एकदा बघितलं, मग परत बघितलं नाय. पाड्यावर पोचल्यावर माझ्या मागून उतरला आणि म्हणाला, "माझं एवढंच." उरलेल्या वाटेला आलाच नाय तो. मी म्हटलं, जा बाबा, तुझी भीती तुझ्यापाशी. मला माझा भाऊ मिळाला होता.

आणि घरी काय कौतुक! महेंद्रनं दारू सोडली. आईला उलट शब्द नाय. सकाळी उठून पाणी भरायचा, तिचे पाय चेपायचा. चालणंही सरळ झालं, लंगडणं गेलं. आई सगळ्या आळीला सांगायची, पोर सुधरला गो माझा. मीही खूश. एकच होतं. गॅरेजात कोणी हॉर्न तपासायला एकदा दाबला, की तो हातातलं टाकून उभा राहायचा. दुसऱ्यांदा दाबंपर्यंत उभाच.

दिवाळी झाल्यावर भगीरथ आला. आत नाय आला, रस्त्याच्या पलीकडं उभा राहिला. मी गेलो तर डोळे खाली.

"नवसू कारवी तोडायला दोर लावून दरीत उतरला होता," तो म्हणाला. "खाली गाडी हाय, भाऊ... आणि माणूस हाय."

"कोणाची गाडी?"

त्यानं माझ्या खांद्यावरून गॅरेजकडं बघितलं. तिथं महेंद्र फडक्यानं आपली गाडी पुसत बसला होता.

"तीच," भगीरथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कल्याणला सामान आणायला जातो म्हणून घरातून निघालो. नवसू, भगीरथ आणि मी, तिघं दोरानं उतरलो. लख्ख ऊन होतं, सगळं कसं साफ दिसत होतं. गाडी उताणी पडली होती. नंबर वाचला, परत वाचला, बोट फिरवून वाचला. आमच्या गॅरेजात उभ्या असलेल्या गाडीचाच नंबर. जाकिटाच्या चिंध्यांत हाडं होती. उजव्या नडगीच्या हाडावर स्टीलची पट्टी, तिचे स्क्रूही तसेच.

पण तो गाडीपाशी नव्हता हो. गाडीपासून कितीतरी वर होता, कारवीचे बुंधे धरून सरपटत आलेला, तोंड रस्त्याकडं.

"भगीरथ," मी विचारलं, "मी वरून उत्तर दिलं तेव्हा हा... जिवंत होता?"

नवसूनं डोक्यावरची टोपी काढली. माझा दोनदा हॉर्न ऐकून त्याला वाटलं असंल, दादा आला, आता सुटलो. मग आमच्या गाड्या चालू झाल्या आणि लांब लांब गेल्या, तेही त्यानं ऐकलं असंल. तिथंच पडल्या पडल्या ऐकलं असंल सगळं.

पोलिसात जाऊन काय सांगणार, भाऊ मेला? भाऊ तर आईच्या हातचं जेवतोय. तिथंच खड्डा खणला. फावडं लागंना तेव्हा मी हातानं माती ओढली. त्रिशरण ओठांतल्या ओठांत म्हटलं. भगीरथ म्हणाला, "आईला सांगाल?" मी म्हटलं, काय सांगू? हा तुझा आणि घरातला तो कोणाचा? ती मरंल रे.

ओढ्यावर हात वाळूनं घासले, नखं काडीनं कोरली, कपडे बदलले. मातीचा एक कण ठेवला नाय. दिवेलागणीला घरी पोचलो तर महेंद्र दारात उभा, पायापाशी गरम पाण्याची बादली, हातात तांब्या.

"आधी हात धू, दादा," तो हळूच म्हणाला. "आईला दिसायला नको."

मी काय करणार? पुढं केले हात. त्यानं पाणी घातलं, साबण दिला, परत पाणी घातलं, मायेनं, आई लहानपणी घालायची तसं. आतून आईनं विचारलं, "कोण आलं रे?"

महेंद्रनं माझ्या मागं, रस्त्याकडं बघितलं. चांगलं बराच वेळ बघितलं.

"दादा आलाय, आई," तो म्हणाला. "एकटाच."

मग मला आत घेऊन त्यानं दार लावलं आणि आतून कडी घातली.