भैरवकड्याखालची भट्टी

चौसष्ट सालच्या पौषात आम्ही तिघं सांगलीकडचे गडी पाटणहून भैरवकड्याकडं निघालो ते ढाल जिंकायला. ज्या तरुण मंडळाचा झेंडा कड्यावर आधी लागेल, त्याच्या तालमीत ती ढाल वर्षभर. पण खरं सांगायचं तर आमचे आप्पासो निघाले होते ते धनाजीसाठी.

आप्पासो पलटणीतनं रिटायर झालेले नाईक. हातभट्टीनं गावातली पोरं नासायला लागली तेव्हा त्यांनी बंद पडलेली तालीम पुन्हा उघडली. मूठभर तांबडी माती हातात देऊन ते दारू सोडायची शपथ घालायचे. थोरला भाऊ सोपान गेल्यावर धनाजीनं शपथ घेतली, दोनदा मोडली, आता तिसऱ्यांदा धरली होती. "कडा चढला की ह्यो सोताला भ्यायचा थांबंल," आप्पासो म्हणायचे. आणि मी आदगोंडा, त्याची तालमीतली जोडी. जैनाचं पोर मी. आमच्या घरात कांद्याला उंबरा ओलांडता येत नाही, तिथं दारूचं काय घेऊन बसलात!

वाटेत कारवीच्या झुडपांनी नडग्या सोलून काढल्या. दुपारी अवकाळी पाऊस आला, आणि कड्याच्या पोटाशी खडक असा निसरडा झाला की बोटं ठरेनात. आप्पासो पुढं होते. पाय सरकला! दगड सुटले. आमचा नाईक खालच्या ओढ्यात जाऊन आदळला.

आम्ही घसरत खाली उतरलो. आप्पासोंच्या नडगीचं हाड बाहेर आलं होतं. धनाजीनं झेंड्याची काठी मोडली, पायाच्या दोन्ही अंगांना लावली, झेंडा फाडून आवळून बांधला. ढालीचा विषय तिथंच संपला. मग गड्यानं आप्पासोंना पाठुंगळी घेतलं.

दिवस मावळताना एका कपारीतून आंबूस वास आला. हातभट्टी! आमची चाहूल लागून माणसं पळाली होती. चुलीत जाळ तसाच होता, शेजारी भरलेलं मडकं. आमच्या सांगलीच्या पेठेतला गूळ इथं येऊन दारूसाठी कुजत होता म्हणायचा.

आप्पासोंना जाळाजवळ ठेवलं. ओठ निळे पडले होते, दातावर दात आपटत होते.

"धना," ते म्हणाले, "घोटभर दे. पलटणीत थंडीला रम द्यायचे. ऊब यील."

मला बघवेना. "दे की रं," मी म्हणालो. "माणूस मरायला लागलाय." कांदा न खाणारा मी, पण बोललो.

धनाजीनं मडकं उचललं. त्याच्या नाकपुड्या फुलल्या होत्या, हात लटलटत होते. मडकं कुणाच्या तोंडाकडं जाणार, तेच मला कळेना.

"न्हाई," तो म्हणाला.

"हुकूम हाय माजा!"

"सोपानलाबी ऊब आल्ती, आप्पा. असाच पौष. उसाला पानी पाजताना घोट मारला. उकडतंय म्हनून बंडी काढून बांधावर झोपला. सकाळी मीच उचलला. लाकूड झाल्ता." मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, "आदगोंडा, माजं मनगट धर. एकट्याला वतवंना."

मी दोन्ही हातांनी धरलं. दारू खडकावर सांडली. वास ओसरेपर्यंत मी मनगट सोडलं नाही.

मग आप्पासोंची ओली कापडं उतरवली, जाळ वाढवला आणि तालमीत रगडतो तसं त्यांना रगडत बसलो. आधी त्यांनी आम्हाला आईवरनं शिव्या दिल्या. मग लहान पोरासारखे रडले. ते ऐकणं कड्यावरून पडण्याहून वाईट होतं. उजाडलं तेव्हा अंग कोमट होतं. धनाजीनं त्यांना पुन्हा पाठीवर घेतलं आणि पाटणची वाट धरली.

माणूस वाचला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ढाल दुसऱ्या मंडळानं नेली.

आप्पासो कुबडी टेकत तालमीत आले तेव्हा धनाजी मान खाली घालून उभा राहिला. हुकूम मोडला होता ना! आप्पासो कुबडीवर रेलले आणि त्यांनी तळहात पुढं केला.

"माती दे," ते म्हणाले. "दारू मागितली मी. आता शपथ तू घाल मला."

धनाजीनं आखाड्यातली मूठभर माती उचलली. हात तसाच लटलटत होता. सवयीनं मी मनगट धरायला पुढं झालो. त्यानं मानेनंच नको म्हटलं, आणि माती एकट्यानं दिली.