मागची डावी सीट

मागच्या सीटवर कोण बसलं होतं?

हा प्रश्न धाकट्याने आधी क्रेनवाल्याला विचारला. क्रेनवाला म्हणाला, "मी गाड्या उचलतो भाऊ, माणसं मोजत नाही." मग पोलिसाला विचारला. पोलिसाने हातातला कागद पालथा घातला आणि चहा मागवला. डॉक्टर म्हणाला, "हृदय बंद पडलं. त्याला कुणाची सोबत लागत नाही." शेवटी वहिनीला विचारलं. तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि गॅस बारीक करायला आत गेली. गॅसवर काहीच नव्हतं.

घडलं होतं ते एवढंच. दादाची गाडी, सात महिन्यांपूर्वी घेतलेली राखाडी एसयूव्ही, सकाळी अकराच्या लख्ख उन्हात पुलाच्या अलीकडे सापडली. रस्त्याच्या कडेला, अगदी शिस्तीत उभी. इंजिन चालू, एसी चालू, चारही इंडिकेटर लुकलुकत होते. दादा स्टिअरिंगमागे, मान मागे टेकलेली. बाकी गाडीत चिटपाखरू नाही. फक्त मागच्या डाव्या सीटचा बेल्ट लावलेला होता.

रिकाम्या सीटला बेल्ट कोण लावतं? म्हणजे तिथे माणूस होता. दादाचा जीव जाताना तो बघत होता, आणि मग उतरून चालता झाला. धाकट्याच्या डोक्यात हे खिळ्यासारखं बसलं. त्यात पुढची सीट मोकळी असताना माणूस मागे बसला होता. ओळखीचा माणूस पुढे बसतो. मागे बसतो तो एक तर साहेब, नाही तर पाठ धरणारा.

धाकट्याला घरात सगळे पंक्चरकाका म्हणत. नाव पुतणीने ठेवलेलं. तिचं नाव ढमी, वय सात, जीभ तिखट. आई-वडील गेले तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. शाळा चौथीत सुटली आणि दादाने त्याला टायरच्या दुकानात उस्तादाच्या हाताखाली घातलं. आता तेविसावं चालू होतं. अक्षरं त्याला अजूनही एकेक करून लावावी लागत. टायर मात्र तो पेपर वाचावा तसा वाचायचा. कडा झिजल्या तर हवा कमी, मधोमध झिजला तर हवा जास्त, एकीकडून झिजला तर चाक वाकडं. दादा सगळ्यांना सांगायचा, "आमचा धाकटा टायर बघून ड्रायव्हरचा स्वभाव सांगतो. लग्नाआधी मुलगा दाखवू नका, त्याच्या गाडीचं चाक दाखवा."

आता घरात कुणी हसत नव्हतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे धाकटा डोळे बारीक करून बघायचा. हा होता का मागे? दादाच्या ऑफिसातला तो मिशीवाला? समोरचा शिंपी? वहिनीचाही त्याला संशय यायला लागला होता. ती त्याच्यासमोर एकदाही रडली नाही. आणि पंधरा दिवसांत तीच गाडी घेऊन कामाला जायला लागली. नवरा ज्या सीटवर गेला, त्याच सीटवर बसून.

"तुला काहीच वाटत नाही का गं?" एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं.

"वाटतं ना," वहिनी म्हणाली. "गोदाम नऊ किलोमीटर लांब आहे असं वाटतं. ढमीची शाळा वाटेत आहे असं वाटतं. ने-आण करणारा माणूस आता नाही असं वाटतं. अजून सांगू?"

तो उठून दुकानावर गेला. संशय मात्र गप्प बसला नाही.

तिसऱ्या आठवड्यात वहिनी हवा भरायला गाडी दुकानावर घेऊन आली. ढमी पुढच्या खिडकीतून ओरडली, "पंक्चरकाका, आमच्या चाकात वारा घाला!"

त्याने चारही चाकं सवयीने बघितली आणि चौथ्यापाशी उकिडवा बसून राहिला. मागचं डावं चाक बाकीच्या तिघांपेक्षा जास्त झिजलं होतं. दोन्ही कडांनी, सारखं. हवा तर बरोबर होती. ही झीज कायम ओझं वाहणाऱ्या चाकाची असते. त्याने टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत हात घातला. उजवीकडे चार बोटं आरामात जात होती. डावीकडे तीनच. तिसरंही घासून.

"उस्ताद, जरा बघा."

उस्तादाने जॅक लावला, स्प्रिंग ठोकून बघितली, दांडा हलवून बघितला. "स्प्रिंग नवी नवरी आहे," तो म्हणाला. "मागे पोती भरलीत का?"

"डिकीत स्टेपनीशिवाय काही नाही," वहिनी म्हणाली.

"मग तीन माणसं बसली असतील," उस्ताद हसत म्हणाला आणि हात पुसत निघून गेला.

धाकट्याने मागचं दार उघडलं. आतून थंड वास आला, बंद माठाच्या तळाशी येतो तसा. सीट रिकामी होती. बेल्ट लावलेला होता. पण रिकाम्या सीटवरचा बेल्ट पाठीला चिकटून पडलेला असतो, तसा हा नव्हता. तो पुढे आला होता, वीतभर, वळण घेऊन. धाकट्याने तळव्याने तो दाबला. पट्टा मऊपणे मागे गेला. हात काढल्यावर हळूहळू परत पुढे आला.

"काढू नकोस हं," वहिनी पटकन म्हणाली. "काढला की टुणटुण वाजत राहतं. तुझा दादाच लावून ठेवायचा."

"दादा? कधीपासून?"

"मला काय माहीत! आणि तू या गाडीच्या मागे का लागलायस रे?"

तिच्या नजरेत त्याला पहिल्यांदा ते दिसलं. संशय काही एकट्या त्यालाच येत नव्हता.

दादाचा फोन कपाटात होता. दुसऱ्या दिवशी त्याने तो कुणाला न विचारता खिशात टाकला आणि दुपारी, उस्ताद जेवायला गेल्यावर, टायरांच्या ढिगाआड बसून उघडला. दादाचा एक ग्रुप होता, तसल्याच गाड्यांच्या मालकांचा. कुणी नवीन सीटकव्हरचे फोटो टाकी, कुणी गाडी किती पळते ते सांगे. लिहिलेलं वाचायला धाकट्याला जन्म गेला असता. पण दादाला टाइप करायचा कंटाळा. तो बोलून पाठवायचा.

त्याने पहिला निरोप लावला आणि दादाचा आवाज दुकानात उभा राहिला. धाकट्याने तोंडावर हात दाबून धरला.

"मंडळी, आमचा अनुभव ऐका. तीन महिने झाले, गाडी एक नंबर. चढावर दमत नाही. छत उघडलं की पोरगी ढग मोजत बसते. एकच कटकट आहे. मागे डावीकडे कुणी नसताना बेल्टची टुणटुण वाजते."

त्याखाली मास्तर नावाच्या एका मालकाचा खरखरीत आवाज होता. "सेन्सरला वेड लागतं हो. रिकाम्या सीटलाच बेल्ट लावून टाका. गप्प बसेल."

मग दादा, खुशीत. "लावला. बसला गप्प. मास्तर, चहा माझ्याकडून!"

पुढचा निरोप दोन महिन्यांनंतरचा. आवाज उतरलेला. "मंडळी... कुणाचा बेल्ट सैल होतो का? म्हणजे सैल नाही. पुढे येतो. आधी दोन बोटं यायचा. आता वीतभर येतो. आणि गाडी डावीकडे ओढते..."

कुणीतरी हसलं होतं. "सीटला जास्त खायला घालताय तुम्ही!"

शेवटचा निरोप त्या सकाळचा होता. मागे इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत होती.

"मंडळी... गाडी बाजूला घेतलीय. हे रोज आमच्या दारापर्यंत येतं, आणि माझी पोर मागेच बसते. आज बेल्ट काढून बघतो..."

खट्.

मग काहीच नाही. टुणटुणसुद्धा नाही. नुसती टिकटिक, आणि दादाचा श्वास, वजन उचलल्यासारखा. बराच वेळ. मग दादा अगदी हळू बोलला. ते ग्रुपसाठी नव्हतं.

"नाही... घरी नाही. बस. इथेच बस..."

पुन्हा खट्. निरोप संपला.

खाली कुणीतरी शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र टाकलं होतं. मास्तर म्हणत होते, "आवाज तुटतोय तुमचा."

धाकट्याने तो निरोप अकरा वेळा ऐकला. शहाण्या माणसाने ऐकून विचार केला असता. पण हा दुःखाने आंधळा झाला होता, आणि त्याचं डोकं असंही पायांच्या मागूनच धावायचं. त्याच्या ध्यानात एवढंच राहिलं की दादाला तो बेल्ट काढायचा होता आणि ते काम अर्धवट राहिलं. पुढचे शब्द त्याने ऐकले, पण मनात घेतले नाहीत.

तो तसाच पळत घरी गेला. वहिनी ढमीला शाळेतून आणायला निघत होती. किल्ली तिच्या हातात होती.

"वहिनी, गाडीत बसू नकोस. ढमीला तर अजिबात बसवू नकोस."

"का?"

"मला दे. मी दुकानावर नेतो. तासाभरात आणतो."

"कारण सांग."

"मागे... ओझं आहे," तो म्हणाला.

वहिनी थंडपणे हसली. "ओझं! सरळ सांग ना, गाडीवर डोळा आहे म्हणून. काल चाकं मोजलीस, आज फोन चोरलास. कपाट उघडं होतं, मला दिसत नाही का? दादाचं सगळं तुझंच, आम्ही कोण?"

"वहिनी, आईशपथ..."

"आईला मध्ये आणू नकोस. लहानपणापासून आईच्या जागी मीच होते तुला."

त्याने किल्ली हिसकावली. तिच्या हाताला नख लागलं. ती ओरडली नाही, म्हणून त्याला जास्त लागलं. तो गाडीत बसला आणि निघाला. आरशात बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. गाडी डावीकडे ओढत राहिली. स्टिअरिंग धरून त्याचे दंड भरून आले.

दुकानामागच्या सिमेंटच्या पटांगणात त्याने गाडी उभी केली. ऊन पांढरंफटक होतं. त्याने मागचं दार उघडलं आणि हात लांब करून बेल्टचं लाल बटण दाबलं.

खट्.

पट्टा सळसळत आत गेला. आणि डोळ्यांदेखत गाडीचा मागचा डावा कोपरा वर आला, सावकाश, खूप वेळ बसलेलं माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठतं तसा. स्प्रिंग करकरली. मग सगळं शांत. टुणटुण वाजली नाही.

त्याने फटीत हात घातला. चार बोटं. उजवीकडे चार, डावीकडे चार. दादा गेल्यापासून तो पहिल्यांदा हमसाहमशी रडला. काम झालं होतं. अर्धवट राहिलेलं काम त्याने पुरं केलं होतं.

परत येताना गाडी फुलासारखी चालत होती. ओढ नाही, जडपणा नाही. आता वहिनीच्या पाया पडायचं, नखाची माफी मागायची, आणि ढमीला छत उघडून फिरवायचं, असं त्याच्या मनात चाललं होतं.

घरासमोरची गल्ली पाण्याच्या पाइपासाठी खणून नुकतीच बुजवली होती. वर ओली वाळू पसरलेली. त्याने फाटकापासून वीस पावलांवर गाडी लावली, उतरला, आणि सवयीने मागे वळून चाकांचे माग बघितले. चारही सारखे. एकही जास्त रुतलेला नाही. तो हसला आणि घराकडे निघाला.

फाटकाशी पोचल्यावर त्याने पुन्हा एकदा मागे बघितलं. या वेळी त्याला स्वतःच्या पावलांचे ठसे दिसले.

उजव्या पावलाचे ठसे नेहमीसारखे होते. डाव्या पावलाचे घोट्यापर्यंत रुतलेले. एक नाही, दोन नाही, गाडीच्या दारापासून फाटकापर्यंत सगळे. टाचेच्या कडा ढासळून त्यात पाणी जमत होतं.

त्याला काहीच जाणवत नव्हतं. खांदा दुखत नव्हता, पाय जड नव्हता. त्याने डावा पाय उचलून दुसरीकडे टेकवला. वाळू मुकाट्याने खाली गेली.

तेव्हा दादाचे ते शब्द त्याच्या मनात नीट शिरले. घरी नाही. दादाने बेल्ट काढला होता. जे उठलं होतं, त्याला घरी यायचं होतं. दादाने ते परत बसवलं, परत बांधलं, आणि त्या ओझ्याने दादाचा श्वास संपला. दादाने बांधून ठेवलेलं धाकट्याने सोडलं होतं. आणि सोडून घरापर्यंत आणलं होतं.

दार उघडलं. वहिनी उभी होती, हाताला रुमाल बांधलेला. चालत जाऊन आणलेली ढमी तिच्या मागून डोकावत होती, घामाने लाल झालेली.

"आणलीस गाडी?" वहिनीचा आवाज अजून कोरडा होता.

"आणली." त्याने किल्ली फाटकावरून आत टाकली. एक पाऊल मागे सरला. "गाडी चांगली आहे वहिनी. आता अगदी चांगली. खुशाल चालव. बेल्ट मात्र बसलेल्या माणसालाच लावायचा. टुणटुण वाजली तरी वाजू दे. आता वाजणार नाही म्हणा."

"बाहेर का उभा आहेस?"

"दुकानावर काम आहे."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा संशय हळूहळू विरघळला, आणि ते बघणं त्याला सगळ्यांत जड गेलं. "आत ये रे," ती म्हणाली. "रागाच्या भरात बोलतं माणूस. सकाळपासून उपाशी आहेस. पान वाढते."

"पंक्चरकाका, चल ना!" ढमी पायरीवर आली.

"तिला आत घे!" तो इतक्या जोरात ओरडला की पोर थिजली. मग त्याने आवाज खाली आणला. "वहिनी... माझं एक ऐक. दार लाव. कडी लाव. मी हाक मारली तरी उघडू नकोस. आज नाही, उद्या नाही. मी मारली तरी..."

"काय झालंय तुला?"

"लाव."

दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला. तो आवाज नीट ऐकूनच तो वळला आणि गल्लीने उलट दिशेला चालायला लागला. दर पावलाला मान वळवून तो डावा ठसा बघायचा. खोल आहे ना? आहे. अजून आहे. म्हणजे सोबत आहे, मागे राहिलेलं नाही. पुढचं पाऊल. आहे. त्याच्या पुढचं. आहे.

गल्लीच्या तोंडाशी वाळू संपली. पुढे डांबर होतं, आणि डांबरावर पाऊल उमटत नाही. तो क्षणभर थांबला. मग मागे न बघता, मोठमोठ्या टांगा टाकत चालत राहिला, आणि हळू आवाजात, समजूत घातल्यासारखा म्हणत राहिला, "चल... माझ्याबरोबर चल... चल..."